गोदाक्का गप्प का झाली

५ ऑगस्ट २०२४, जालना

रूपाली म्हणाली, "तुमची तारीफ ऐकून ऐकून माझे कान किटले. एवढंच आहे तर कुठं तरी लिहून ठेवा." म्हणून ही डायरी. बायकोनं सुचवलेलं काम आहे, टाळता येणार नाही.

तर तारीफ अशी. शाळेत मराठी शिकवणारा, मस्तगडात राहणारा मी राजानंद, 'गोदाक्का म्हणतात' या मालिकेचे संवाद लिहितो. मुंबईहून गोष्ट येते, आज गोदाक्काचं सुनेशी वाजलं, उद्या सरपंचाशी. पण ती तोंड उघडून काय म्हणते, ते जालन्यात ठरतं. पहाटे पाच ते सात मी लिहितो. निर्माते कारखानीस म्हणतात, "सर, ही बाई तुम्ही आणता कुठून?" मी नुसता हसतो. सुचतं आपोआप. देणगीच आहे म्हणायची.

रोज साडेआठला केदारखेड्याहून मायचा फोन येतो. पावसाळ्यातला तीन महिन्यांचा वर्षावास चालू आहे, त्यामुळं बौद्ध विहारात संध्याकाळी ग्रंथवाचन असतं. ते झालं की बाया ओट्यावर बसून गप्पा हाणतात, आणि मग माय घरी येऊन मला सगळं सांगते. म्हातारीला तेवढाच विरंगुळा. मी हं हं करतो. समोर वही असते, बसल्या बसल्या काहीबाही खरडतो.

१४ ऑगस्ट

आज हसून हसून पोट दुखलं.

विहारात रोज एकीची पाळी असते वाचायची. आमच्या घरापासून तिसरं दार नंदामावशीचं. माय आणि ती एकाच साली सुना होऊन आल्या, पन्नास वर्षांची मैत्री. आता माय सांगते, नंदामावशीला अक्षरओळखच नाही! कुणालाच माहीत नाही, एकट्या मायला माहीत. पाळी आली की माय दुपारी तिला दोन पानं दहा-दहादा वाचून दाखवते, मावशी तोंडपाठ करते, आणि संध्याकाळी चष्मा लावून, ग्रंथ पुढं घेऊन खडाखडा 'वाचते'. किती वर्षं? अकरा!

काल तिची पाळी होती आणि ऐन वाचनात लाइट गेली. गुडूप अंधार. अन् मावशी आपली वाचतेच आहे!

"चार वळी वाचल्या रे तिनं अंधारात," माय हसत होती, "मी जल्दी मोबाइलची बत्ती लावली न् म्हणलं, बाईला पाठच होऊन गेलंय आता. बाया म्हणल्या, वा नंदाबाई, वा! पर माझ्या काळजाचं पाणी झालं होतं. कुणाला सांगू नको बरं, राजा. तिनं मला गळ्याची शपथ घातली."

"मी कुणाला सांगणार, माय?"

रूपालीला सांगितलं तर ती हसली नाही. म्हणाली, "अकरा वर्षं पाठ करायचं म्हणजे केवढं लावून धरलं बाईनं." हिला विनोद कळत नाही.

२९ ऑगस्ट

भाग २१२ आज पाठवला. माझ्या हातून असं काही लिहून होईल असं वाटलं नव्हतं. विहाराचं देऊळ केलं, ग्रंथाची पोथी केली, नंदामावशीची इंदूबाई केली. कुणाच्या बापाला कळणार नाही. इंदूबाई पोथी वाचते, लाइट जाते, तिचं वाचन चालूच. आणि गोदाक्का म्हणते, "अगं, हिला उजेडातबी दिसत न्हाई, मंग अंधाराचं काय घेऊन बसली!" मग सगळं देऊळ हसतं.

कारखानीसांचा फोन आला. "सर, सोनं आहे सोनं."

११ सप्टेंबर

काल भाग लागला. काय सांगू! सकाळपासून सव्वीस फोन. मुख्याध्यापकांनी परिपाठात नाव घेतलं. पेपरवाल्यानं विचारलं, हे प्रसंग तुम्हाला कसे सुचतात? मी म्हणालो, निरीक्षण.

मायचा फोन मात्र आला नाही. केदारखेड्याचं नेटवर्क म्हणजे असून नसून सारखंच.

१२ सप्टेंबर

मीच लावला.

"पाह्यलीस का, माय?"

"पाह्यली."

"कशी वाटली?"

"पाह्यली म्हणलं ना. ठेवते."

गुडघे दुखत असतील. रूपालीला म्हटलं, या रविवारी तेलाची बाटली पाठवू.

३ ऑक्टोबर

मायचे फोन आता दोन मिनिटांचे. जेवला का, पोरगी बरी का, ठेवते. विचारलं, विहारात काय विशेष? तर म्हणाली, "वाचन झालं. आले." वय झालं की माणसाचा बोलण्यातला रस कमी होतो, असं कुठं तरी वाचलं होतं.

१७ ऑक्टोबर, अश्विन पौर्णिमा

वर्षावासाच्या समाप्तीला केदारखेड्याला जाऊन आलो. पांढऱ्या साड्यांतल्या बाया, वंदना, खिरीचं पातेलं, सगळं नेहमीसारखं. मी ओट्याजवळ गेलो तर बाया एकदम गप्प झाल्या. गिरिजाबाईंनी तर पदर सावरून तोंडच फिरवलं. टीव्हीचा माणूस झालो ना मी, बुजतात बिचाऱ्या. मी मुद्दाम साधेपणानं "जय भीम, कशा हायेत सगळ्या?" म्हटलं. "बरंय," एवढंच आलं.

नंदामावशी आली नव्हती. तब्येत बरी नसेल. माय एकटीच खीर वाढत होती. तिला म्हटलं, तू बस, मी वाढतो. तर म्हणाली, "तू नको वाढू." पातेलं माझ्यापासून लांब ओढलं तिनं. बीपीची गोळी बदलायला हवी.

७ नोव्हेंबर

कारखानीस म्हणतात, गोदाक्का भाषणं करायला लागली. "सर, आधी ती बोलायची. आता ती निबंध वाचते."

मी सरळ सांगितलं, गोदाक्काचं काम करणारी नटी मनापासून करत नाही. शब्द तेच आहेत, तिच्या तोंडात ते मरतात. शिवाय वाहिनीनं वेळ बदलली. मी एकटा काय काय सांभाळू?

आज पहाटे पाच ते सात बसलो. एक पान झालं. शाळेच्या वार्षिक अहवालासारखं झालं.

३० नोव्हेंबर

संपली मालिका. शेवटच्या भागात गोदाक्का मुलाकडं शहरात राहायला जाते. मला दुसरं काही सुचलं नाही. टीव्ही बंद केला आणि बाथरूममध्ये जाऊन रडलो, नळ सोडून. रूपाली बाहेरून म्हणाली, "पाणी वाया घालवू नका, इकडं येऊन रडा." मग तिच्यापुढं बसून रडलो.

मायला फोन करून सांगितलं. तिनं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "बरं झालं." सख्खी आई असं बोलते! मीच फोन ठेवला.

१४ एप्रिल २०२५

मिरवणुकीत तिघांनी विचारलं, गोदाक्का का बंद पडली? तिघांनाही सांगितलं, वाहिनीचं राजकारण. सांगून सांगून आता मला पाठ झालंय.

रूपाली शेजारी उभी होती. घरी आल्यावर म्हणाली, "एकदा केदारखेड्याला जाऊन या. फक्त या म्हणते, भांडू नका." म्हटलं, मायला माझ्याशी बोलायचं नसेल तर मी कामून जाऊ? तिनं हात जोडले आणि पोळ्या लाटायला गेली.

२ जुलै

गोदाक्का परत येऊन राह्यली! कारखानीसांचा फोन आला. लोक मोबाइलवर जुने भाग पाहतायत, वाहिनीला पत्रं येतायत. सप्टेंबरपासून आठवड्याला दोन भाग. "सर, पण लोकांना आधीची गोदाक्का हवी, शेवटची नको. ऑगस्ट संपायच्या आत चार भाग पाठवा. ते जमले तरच पुढं." म्हणजे परीक्षा आहे. असू दे. आम्ही आयुष्यभर परीक्षाच घेतल्या.

पेढे आणले. सगळ्यांत जास्त पाहिलेला भाग कोणता, तर २१२.

२० जुलै

काही सुचत नाही. अठरा दिवसांत अकरा पानं लिहिली आणि अकराच्या अकरा फाडली. गोदाक्का तोंडच उघडत नाही. उघडलं तर माझ्यासारखी बोलते.

आज जुनी वही काढली. फोनवर बोलता बोलता खरडायचो ती. पान पान वाचत गेलो. "लेकीनं फोन केला की समजायचं, काही तरी विसरलंय तिचं." "तोंडावर गोड, पाठीवर बोट." "माणूस मेलं की चांगलंच व्हतं, जिवंतपणी काय धाड भरती काय की." गाजलेली सगळी वाक्यं. एकही माझं नाही. सगळी मायनं सांगितलेली, तिच्या ओट्यावरची. १० सप्टेंबरनंतर वही कोरी आहे.

वही घेऊन स्वयंपाकघरात गेलो. रूपाली म्हणाली, "तुम्हाला खरंच माहीत न्हाई? मला वाटायचं, तुम्ही नाटक करताय."

मग तिनं सांगितलं. तो भाग गावात सगळ्यांनी पाहिला. देऊळ असो की विहार, लाइट गेलेली तर सगळ्यांच्या डोळ्यांपुढं गेली होती. दुसऱ्या दिवशी पोरंसोरं नंदामावशीच्या दारापुढून डोळे मिटून वाचल्याचं सोंग करत गेली. मावशीनं विहारात येणं सोडलं आणि मायशी बोलणं सोडलं. बाकीच्या बाया मायचं नाव घेऊन म्हणाल्या, चांगुणाबाईपुढं तोंड उघडू नका गं, उद्या टीव्हीवर येतं. वाचन झालं की सगळ्या मुकाट उठतात. माय एकटी ओट्यावर बसते आणि घरी येते.

"तू मला सांगितलं कामून न्हाई?"

"मायनी शपथ घातली. म्हणल्या, त्याची मालिका चालू दे, त्याचं नाव झालंय." रूपालीनं गॅस बारीक केला. "त्यांनी शपथ दिली की लोक पाळतात हो. तुम्ही सोडून."

मला लाज वाटली. ती दहा महिने कुणाशी बोलली नाही, आणि मी तिला तेलाची बाटली पाठवली.

२६ जुलै, केदारखेडा

आजचा दिवस नीट लिहितो.

मावशीपुढं उभं राहून माझ्या तोंडून शब्द फुटणार नाही हे मला माहीत होतं. म्हणून काल बसून माफीचं पत्र लिहिलं. तीनदा कच्चं, मग पक्कं. बसमध्ये दोनदा वाचलं. स्वतःवर खूश होतो.

मावशी दारात शेंगा निवडत होती. उठली नाही, बस म्हणाली नाही. मी पाया पडलो, पत्र काढून तिच्या हातात दिलं. पत्र तिच्या हातात गेलं आणि मग माझ्या डोक्यात उजेड पडला. अरे गाढवा! जिला वाचता येत नाही हे तू अख्ख्या महाराष्ट्राला सांगितलंस, तिला तू चिठ्ठी देतोस?

"मावशी, द्या इकडं. मीच वाचून…"

"ऱ्हाऊ दे," ती म्हणाली. "बस."

खुंटीवरचा चष्मा काढला, पुसला, लावला. पत्र मांडीवर ठेवून पहिल्या ओळीवर बोट ठेवलं.

"आ… द… र… आदर… णीय. आदरणीय नंदा… मावशी."

मी खांबाला टेकलो. पंचवीस वर्षं मुलांना शिकवतोय, कुणाचं वाचन इतकं कान देऊन ऐकलं नव्हतं.

"माझ्याकडून अ… न… व… हे काय रे?"

"अनवधानाने, मावशी. पुढं प्रमाद."

"प्रमाद म्हंजे?"

"चूक."

"मंग चूक लिही की! मास्तर हायेस ना? अन् ते आधीचं? अनवधान?"

"म्हणजे… नकळत."

तिनं चष्म्यावरून माझ्याकडं पाहिलं. "नकळत?"

मी खाली पाहिलं.

"नकळत न्हाई, राजानंद. तुला बराबर कळत होतं. देवळाचं सोंग कशाला केलं मंग? खोड ते."

मी पेन काढून 'अनवधानाने' खोडलं. तिनं खोडलेलं नीट पाहिलं आणि पुढं वाचायला लागली. दीड पानाला अर्धा तास लागला. मध्ये एकदा मी शब्द सांगायला गेलो तर म्हणाली, "गप ऱ्हा. लागतोय मला."

वाचून झाल्यावर घडी करून पोलक्यात ठेवलं.

"मावशी, हे कधी शिकल्या?"

"तुझं ते लागल्यावर आठ दिवस घराबाहेर पडले न्हाई. नवव्या दिशी नातीचं पहिलीचं पुस्तक घेतलं. म्हणलं, लोकं हसून मोकळे झाले, आता लपवायचं काय उरलं? सारा जल्म लपवण्यात चाल्लाता. शेताचा कागद आला की चष्मा इसरला म्हणायचं, स्टँडवर एसटीची पाटी वाचता येईना म्हणून कुणाची तरी वाट पाह्यल्यासारखं करायचं." तिनं शेंगांचं सूप पुढं ओढलं. "पर तुझे उपकार झाले आसं समजू नको. शिकले ते माझं मी शिकले. हसवलं ते तू."

"हौ, मावशी."

"अन् तुझ्या मायचा राग हाय मला. तिनं शपथ मोडली."

"तिनं फक्त मला सांगितलं होतं. कुणाला सांगितलं न्हाई तिनं."

"मंग तू काय कुणीच न्हाईस का?"

मी म्हटलं, "माय दहा महिने कुणाशी बोलली न्हाई, मावशी. माझ्याशीबी न्हाई. माझं काय करायचं ते करा. तिला सोडा."

मावशी शेंगा निवडत राहिली. मग सूप बाजूला ठेवलं, चपला शोधल्या, आणि निघाली. मी मागं. तिसऱ्या दाराशी जाऊन थांबली. माय चुलीपुढं भाकरी थापत होती. तिनं वर पाहिलं आणि तिचा हात परातीतच राहिला.

"चांगुणे," मावशी म्हणाली, "तुझं पोरगं लई अवघड लिहितंय बाई. कुणाला कळंल का आसं?"

माय पिठाच्या हातांनीच पदर तोंडाला लावून रडायला लागली. मावशी तिच्याशेजारी बसली, म्हणाली, "भाकर करपली बघ," आणि स्वतःच उलटली. मी बाहेर येऊन बसलो. छातीवरची धोंड उतरल्यासारखं वाटत होतं. आतून दोघींचं बोलणं येत होतं, आधी हळू, मग मोठ्यानं, मग एकमेकींचं न ऐकता. खिशात वही होती. काढली नाही.

१० ऑगस्ट

मावशीच्या अटी. एक, भाग आधी तिच्याकडं जाणार, ती वाचणार, मग मुंबईला. दोन, मोठ्या अक्षरांत. तीन, ओट्यावरची गोष्ट ज्या बाईची, तिला विचारल्याशिवाय एक ओळ घ्यायची नाही. चार, इंदूबाईला वाचायला शिकवायचं. "ती मेली अंधारात किती दिवस बसंल?"

पहिला भाग वाचायला तिला दोन दिवस लागले. गोदाक्काचं एक वाक्य तिनं बोटानं दाबून धरलं. "आसं कुणी म्हणतं का? हे तूच म्हणून राह्यला." बरोबर होतं. ते माझंच होतं.

कारखानीसांचा फोन: "सर, कुठं अडकलं?" म्हटलं, वाचन चालू आहे. "कोण वाचतंय?" म्हटलं, आमच्याकडच्या सीनियर आहेत.

२५ ऑगस्ट

चारही भाग गेले. संध्याकाळी निरोप आला. "ही खरी गोदाक्का! नक्की झालं." मी सोफ्यावर बसलो आणि बराच वेळ उठलोच नाही. रूपालीनं चहा दिला. दोनदा केसांतून हात फिरवला.

१२ सप्टेंबर

गोदाक्का शहरातून परत आली. पेटी डोक्यावर, एसटीतून उतरते आणि म्हणते, "तिकडं समदे बोलतेत, ऐकत कुणी न्हाई. मंग म्हणलं, आपलं गाव काय वाईट?" हे वाक्य गिरिजाबाईंचं. त्यांनी स्वतःहून दिलं. वर म्हणाल्या, "माझं नाव टाकायला काय जातं तुझं?" नाव टाकायला सांगितलंय.

पेपरवाल्यानं विचारलं, मालिका का बंद पडली होती? वाहिनीचं राजकारण जिभेवर आलं होतं. रूपाली समोर बसली होती. म्हटलं, "माझ्यामुळं."

१८ सप्टेंबर

साडेआठची वाट पाहत होतो. नऊला पाच कमी असताना मायचा फोन आला. मागं बायांचा गलका. ओट्यावरूनच लावला होता.

"राजा, ऐक. आज नंदाबाईची पाळी होती. वर्षानंतर बसली वाचायला. हळू वाचती, पर वाचती. पहिलं पान झालं, दुसरं निम्मं झालं, अन् लाइट गेली."

"अन् मग?" मी ओरडलो.

"समद्या गप. मला त मागच्या सालचं आठवलं. मोबाइल हातात, पर बत्ती लावायचं भान न्हाई. अन् नंदाबाई थांबली रे! शबुद निम्मा तोंडात न् थांबली. म्हणली, 'बायांनो, आता मला काय बी दिसंना. लाइट येऊ द्या.'"

मायला पुढं बोलता येईना, इतकी ती हसत होती. मागून सगळ्या हसत होत्या, आणि त्यांच्यातून नंदामावशीचा आवाज वेगळा येत होता, सगळ्यांत मोठा. कुणीच बत्ती लावली नाही म्हणे. वीस मिनिटं तशाच अंधारात बसून हसल्या. लाइट आल्यावर मावशीनं बोटानं ओळ शोधली आणि राहिलेला अर्धा शब्द पुरा केला.

मीही हसत होतो, डोळे पुसत होतो. हात आपोआप वहीवर गेला होता, पेनाचं टोपणही निघालं होतं. ते परत लावलं.

"माय, मावशीला फोन दे."

"काय रे?" मावशी अजून धापा टाकत होती.

"मावशी, हे घेऊ का गोदाक्कात?"

तिनं ओट्यावरच्या बायांना गप्प केलं. मग म्हणाली,

"लिहून आण. वाचते, मंग सांगते."